सभासदांच्या हाती सुकाणू

१९६० सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनचे 'न्यूज क्रॉनिकल' हे नामांकित दैनिक बंद पडले आणि 'डेली मेल'मध्ये विलीन झाले. वाचकांना धक्का बसला, पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या. या उलथापालथीत एका निळ्या शिडाच्या होडीचा आश्रयदाताही गेला, याची दखल फार थोड्यांनी घेतली असेल. 'एंटरप्राइज' नावाची ही होडी चारच वर्षांपूर्वी याच दैनिकाने वाजतगाजत लोकांपुढे आणली होती. दैनिकाबरोबर ती होडीही विस्मृतीत गेली असती तर कोणाला नवल वाटले नसते. तसे झाले नाही. एंटरप्राइजच्या होड्यांची संख्या पुढे तेवीस हजारांच्या पलीकडे गेली. लंडनच्या थेम्स नदीकाठी जन्मलेला हा प्रकार आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने मुंबईच्या समुद्रापर्यंत येऊन पोहोचला.

आश्रयदाता गेल्यावरही होडी टिकली, याचे श्रेय दोघांचे. तिचे मालक झालेले हजारो सामान्य लोक, आणि अशा लोकांचा विचार करून होड्या रेखाटणारे जॅक होल्ट. विसाव्या शतकातील लहान शिडाच्या होड्यांचा इतिहास होल्ट यांच्या नावाशिवाय लिहिताच येत नाही. मर्लिन, कॅडेट, जीपी-१४, हॉर्नेट, सोलो, एंटरप्राइज, मिरर अशी त्यांच्या रचनांची नामावळी लांबलचक आहे. मात्र त्यांचे चरित्र केवळ या रचनांच्या यादीने पूर्ण होत नाही. होडी कोणाची, रचनाकाराची, पैसे घालणाऱ्याची की ती वल्हवणाऱ्या आणि चालवणाऱ्याची, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांच्या आयुष्यातून मिळते, ते अधिक महत्त्वाचे आहे.

लाकूडकामाचे संस्कार

जॉन लॅपवर्थ होल्ट यांचा जन्म १९१२ सालचा, लंडनचा. जॅक हे त्यांचे रूढ नाव. लाकूडकामाचे रीतसर शिक्षण घेतलेला हा कारागीर थेम्स नदीवरच्या होड्यांच्या ओढीने नौकाबांधणीकडे वळला. त्या काळी लहान शर्यती होडी ही गोष्ट मुळीच स्वस्त नव्हती. पातळ फळ्या वाफेवर वाकवून, तांब्याच्या खिळ्यांनी एकमेकींत बसवून होडीचा गोलाकार देह घडवायचा, तर हाताखाली मुरलेले कारागीर लागत आणि महिनोन् महिने काम चाले. १९२०च्या दशकात आयल ऑफ वाइट बेटावरील युफा फॉक्स या प्रतिभावान रचनाकाराने चौदा फुटी होडीला पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून धावायला शिकवले. त्यातून या खेळाचा वेग वाढला, पण त्याचबरोबर किंमतही वाढत गेली. वर्षभरापूर्वीची होडी नव्या रचनेपुढे मागे पडू लागली आणि ज्याची थैली जड त्याचे शीड पुढे, अशी अवस्था होऊ लागली. स्वस्त पर्याय म्हणून १९३६ साली ब्रिटनमध्ये बारा फुटी 'नॅशनल ट्वेल्व्ह' हा नवा प्रकार मुद्दाम सुरू करावा लागला, यावरून दुखणे केवढे होते हे ध्यानात यावे.

या ठिकाणी 'क्लास' या शब्दाचा उलगडा करायला हवा. शिडाच्या होड्यांच्या जगात क्लास म्हणजे शाळेतला वर्ग नव्हे. एका आराखड्यानुसार किंवा एका नियमावलीनुसार बांधलेल्या होड्यांचा समूह म्हणजे क्लास. मराठीत त्याला नौकावर्ग म्हणता येईल. सगळ्यांच्या होड्या सारख्या, म्हणून शर्यतीत कस लागतो तो माणसाचा. पण सारखेपणा आपोआप टिकत नाही. कोणी फळी पातळ करतो, कोणी डोलकाठी हलकी करतो, कोणी शिडाचे कापड बदलतो. त्यावर नजर ठेवायला नियम लागतात, होडी मोजून प्रमाणपत्र देणारा मोजणीदार लागतो आणि नियम ठरवायला मालकांची संघटना लागते. संघटना जागी असेल तर नौकावर्ग जगतो. ती झोपली की काही वर्षांत होड्या अंगणात उलट्या पडलेल्या दिसतात.

युद्धानंतरची टंचाई आणि प्लायवूड

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटन विजयी होता, पण कफल्लक झाला होता. इमारती लाकडाला परवाने लागत, पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळे. दुसऱ्या बाजूला, युद्धातून सुटून आलेल्या तरुणांना मोकळ्या हवेची, पाण्याची आणि थोड्या साहसाची आस होती. युद्धाने एक अनपेक्षित देणगीही दिली होती. विमाने बांधण्याच्या निमित्ताने पाण्यात न सुटणारे राळयुक्त गोंद आणि त्यांनी जोडलेले भक्कम प्लायवूड आता हाताशी होते. विमानासाठी तयार झालेली ही सामग्री होडीसाठी वापरता येईल, आणि ती निष्णात कारागिरावाचूनही वापरता येईल, ही शक्यता ज्यांनी ओळखली त्यांत होल्ट अग्रभागी होते.

प्लायवूडचा पत्रा दोन दिशांना एकाच वेळी वाकत नाही. त्यामुळे गोल पोटाची होडी त्यातून घडत नाही. होल्ट यांनी होडीचे पोट सपाट पट्ट्यांत विभागले. दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे कडा येते. अशा एक किंवा दोन कडा असलेली होडी पाण्यात गोल पोटाच्या होडीइतकी नाजूक दिसत नाही, पण ती आठ फुटी पत्र्यांतून, घरच्या करवतीने, एका हिवाळ्यात बांधून होते. 'यॉटिंग वर्ल्ड' या नियतकालिकाने घरबांधणीच्या अशा होड्यांचा पुरस्कार केला आणि त्यांचे आराखडे होल्ट यांच्याकडून करवून घेतले. १९४७ साली आलेली 'कॅडेट' ही त्यांतली पहिली मोठी यशस्वी होडी. साडेदहा फूट लांबीची, बोथट नाळेची ही होडी मुलांसाठी होती आणि ती चालवणाऱ्यांचे वय अठराच्या आत असले पाहिजे असा दंडक होता. लहान असली तरी तिला मोठ्या होडीसारखी तीन शिडे दिली होती. मुलांना खेळण्यातली होडी न देता खरी होडी द्यायची, हा त्यामागचा विचार.

त्याआधी वर्षभर, १९४६ साली, होल्ट यांनी 'मर्लिन' पाण्यात उतरवली होती. पटनीच्या परिसरात थेम्सच्या दोन्ही काठांवर झाडे आणि इमारती आहेत. खाली वारा पडलेला असतो, वर मात्र झुळूक असते. ही झुळूक पकडण्यासाठी मर्लिनला उंच आणि अरुंद शीड देण्यात आले. नदीवर रोज होडी नेणाऱ्या माणसाला जे जाणवते त्यातूनच आराखडा जन्माला आला होता. होल्ट स्वतः शर्यतीत उतरणारे होते, त्यामुळे आपल्या रचनेतले उणेदुणे त्यांना इतर स्पर्धकांबरोबरच कळत असे.

क्लबांकडून आलेल्या मागण्या

होल्ट यांच्या गाजलेल्या रचनांची मुळे शोधू गेल्यास अनेकदा एखाद्या लहानशा क्लबाचे नाव हाती लागते. १९४९ साली आलेल्या जीपी-१४ या होडीचा जन्म वेल्समधील एबरडोव्ही या किनारी गावच्या डोव्ही सेलिंग क्लबच्या साहाय्याने झाला. जीपी म्हणजे सर्वसाधारण वापराची. वाऱ्यावर चालेल, वारा पडल्यास वल्हवता येईल, मागे लहानसे यंत्र लावता येईल आणि साध्या मोटारीमागे ओढून नेता येईल, अशी चौदा फुटी होडी कुटुंबवत्सल माणसाला हवी होती. एबरडोव्हीच्या समुद्रात बुडालेल्या गावाच्या घंटा ऐकू येतात अशी दंतकथा आहे. या ऋणाची खूण म्हणून आजही जीपी-१४च्या शिडावर घंटेचे चिन्ह असते. ज्या गावाने होडी मागितली, त्या गावाची आठवण चौदा हजारांहून अधिक होड्यांच्या शिडांवर कोरली गेली.

१९५६ सालच्या 'सोलो'ची कथा अशीच. थेम्सच्या मुखाजवळील थॉर्प बे यॉट क्लबला एकट्याने चालवण्याची होडी हवी होती. सोबती मिळाला नाही म्हणून शनिवार वाया जाऊ नये, ही साधी गरज. त्यातून पावणेचार मीटर लांबीची, एकच शीड असलेली सोलो तयार झाली. तरुणांना ती चपळ वाटली आणि उताराला लागलेल्या वयाच्या माणसालाही झेपली. आज सत्तर वर्षे होत आली तरी ब्रिटनमधील शर्यतींत सोलोचे तांडे मोठ्या संख्येने उतरतात.

या व्यवसायात होल्ट यांना एक विलक्षण भागीदार लाभला होता. मूळचे अमेरिकी असलेले बीचर मूर हे थेम्सवरचे कसलेले शर्यतपटू. वाऱ्याच्या जोराने होडी कलंडू लागली की डोलकाठीला बांधलेल्या दोराला लटकून शरीर बाहेर झोकायचे, या आता सर्वत्र रूढ असलेल्या युक्तीच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. होल्ट मितभाषी कारागीर, तर मूर माणसांत रमणारे. होडी विकली की काम संपले असे न मानता, ती घेणाऱ्यांना एकत्र आणून त्यांची संघटना उभी राहील हे पाहण्यात मूर यांचा मोठा वाटा होता. एकाने होड्या दिल्या, दुसऱ्याने होडीवाल्यांना आवाज दिला, असे या जोडीविषयी म्हणता येईल.

एंटरप्राइजचा जुगार

१९५०च्या दशकाच्या मध्यावर वृत्तपत्रांना या छंदाचे महत्त्व उमगले. 'न्यूज क्रॉनिकल'ने सामान्य वाचकांसाठी एक शर्यती होडी पुरस्कृत करायचे ठरवले. होल्ट यांनी सव्वातेरा फुटांची, पोटाला दोन कडा असलेली, प्लायवूडची होडी रेखाटली. तिला निळी शिडे आणि 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले. प्रसिद्धीसाठी निवडलेला मार्ग मात्र धाडसाचा होता. १९५६ सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, रात्रीच्या अंधारात दोन एंटरप्राइज होड्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली. घरी बांधता येणारी एवढीशी होडी हिवाळ्यातला समुद्र झेलते, हे पाहिल्यावर लंडनच्या नौका प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी झाली.

होडीसोबत दोन मापांची शिडे देण्यात आली होती. शर्यतीसाठी मोठे, कुटुंबासह विहारासाठी लहान. शर्यतपटू आणि सहलीला जाणारा गृहस्थ, या दोघांनाही एकाच नौकावर्गात जागा ठेवण्याचा हा प्रयत्न होता. या एका निर्णयात पुढच्या अनेक वादांचे बीज होते आणि त्यांवरचे उत्तरही होते.

चार वर्षांनी दैनिक बंद पडले. पण तोवर एंटरप्राइजवाल्यांची संघटना बांधली गेली होती. होड्यांना अनुक्रमांक होते, गावोगावच्या क्लबांत त्यांचे गट होते, नियमावली होती आणि मोजणीदार होते. त्यामुळे वृत्तपत्राचे नाव शिडामागून गेले तरी शर्यतींचे वेळापत्रक चुकले नाही. दुसऱ्याच्या पैशावर सुरू झालेली चळवळ सभासदांच्या वर्गणीवर आणि श्रमांवर चालू राहिली.

विचारायचे कोणाला?

होल्ट यांच्या होड्यांच्या संघटनांपुढे पुढील दशकांत जे प्रश्न आले, ते कोणत्याही संस्थेला परिचित वाटावेत. लाकडाऐवजी काचतंतूंची होडी मान्य करायची का? लाकडी डोलकाठीच्या जागी अॅल्युमिनियमची चालेल का? वाऱ्याच्या दिशेने जाताना उघडायचे स्पिनेकर हे फुगीर शीड द्यायचे का? वरवर पाहता हे तांत्रिक प्रश्न. प्रत्यक्षात त्यांच्या मागे माणसे होती. पगारातून शिल्लक टाकून, स्वयंपाकघराच्या फरशीवर फळ्या जोडून ज्याने होडी बांधली, त्याची होडी एका ठरावाने निकामी होऊ शकत होती. उलट, काहीच बदलले नाही तर त्याची मुले नव्या, वेगवान होड्यांकडे निघून जाण्याची भीती होती.

यावरचा मार्ग सभासदांचे मत घेण्याचा. ते घेण्याची रीत या संघटनांत हळूहळू रुळत गेली. एखाद्याने बदल सुचवला की तो वार्तापत्रातून सर्वांपुढे ठेवला जाई. प्रयोगादाखल एखाद-दुसऱ्या होडीला तो करू दिला जाई आणि ती होडी इतरांसोबत पळवून फरक पाहिला जाई. वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेत चर्चा होई आणि अंतिम निर्णय मतदानाने लागे. मूळ नियमाला हात लावायचा तर नुसते काठावरचे बहुमत पुरेसे मानले जात नसे. त्यानंतरही राष्ट्रीय नौका संघटनेची संमती घ्यावी लागे. ही पद्धत संथ होती, पण तिच्यामुळे कोणाची होडी एका रात्रीत जुनी ठरत नसे.

या पद्धतीतली खरी अडचण मतदानाच्या आधीची आहे. वार्षिक सभेला येतो तो बहुधा अजिंक्यपदासाठी लढणारा. त्याच्या मागण्या ठरलेल्या असतात. अधिक वेग, अधिक हलकी होडी, नवी साधने. रविवारी दोन तास तळ्यावर जाऊन घरी परतणारा सभासद सभेला येत नाही, पत्रही लिहीत नाही, आणि संख्येने तोच जास्त असतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे जो होडी विकून निघून गेला त्याला कोणी विचारतच नाही, वास्तविक वर्ग कुठे दुबळा झाला हे त्याच्याइतके नेमके कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शहाण्या संघटना केवळ सभेतल्या आवाजावर विसंबून राहत नाहीत. टपालाने प्रश्नावली पाठवणे, प्रत्येक क्लबातल्या गटाकडून प्रतिनिधीमार्फत मत मागवणे, वर्गणी न भरलेल्यांना कारण विचारणे, आणि मिळालेल्या उत्तरांचे काय केले हे परत सभासदांना कळवणे, ही कंटाळवाणी वाटणारी कामेच नौकावर्गाला तारून नेतात. मत मागून घेतले आणि त्याचे पुढे काय झाले ते सांगितले नाही, तर दुसऱ्या वेळी उत्तर येत नाही.

होल्ट यांच्या होड्यांनी या प्रश्नांना दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत, आणि तेच उद्बोधक आहे. मर्लिनवाल्यांनी प्रयोगशीलता पत्करली. १९५१ साली 'रॉकेट' या मिळत्याजुळत्या प्रकाराशी विलीन होऊन 'मर्लिन रॉकेट' हा संयुक्त वर्ग तयार झाला. प्रतिस्पर्धी म्हणून दोघांनीही झिजण्यापेक्षा एकत्र येणे मालकांना रास्त वाटले. त्यानंतर या होडीचा देह वर्षानुवर्षे रुंद होत गेला, मूळ मर्लिन आणि आजची होडी शेजारी ठेवली तर नाते सांगावे लागते. पण एकावर एक चढवलेल्या फळ्यांची देखणी बांधणी त्यांनी सोडली नाही. हॉर्नेटवाल्यांनी होल्ट यांनी दिलेली, बाजूला सरकवून तिच्यावर बसायची फळी कालांतराने काढून टाकली आणि लटकण्याचा दोर स्वीकारला. जीपी-१४ला मोठे पुढचे शीड आणि स्पिनेकर मिळाले, लटकण्याचा दोर मात्र नाही. एंटरप्राइजवाल्यांनी तर स्पिनेकर आणि दोर दोन्ही बाहेरच ठेवले. दोन माणसे, दोन शिडे, बाकी कसब, एवढ्यावरच ते ठाम राहिले.

एकाच रचनाकाराच्या होड्या, पण प्रत्येक कुटुंबाने आपापला संसार वेगळा मांडला. होल्ट यांच्या आराखड्यांचा आदर राखूनही ते बदलण्याचा अधिकार मालकांनी वापरला. रचनाकाराच्या हयातीत, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडले. आपल्या कागदावरची रेघ इतरांनी मतदानाने हलवावी, हे पचवणे कोणत्याही कलावंताला सोपे नसते. युफा फॉक्स यांच्यासारखा मनस्वी माणूस आपल्या प्रत्येक होडीवर स्वतःची मुद्रा उमटवीत असे. होल्ट यांच्या होड्यांवर हळूहळू त्यांच्या मालकांची मुद्रा उमटत गेली आणि त्यामुळेच त्या दीर्घायुषी ठरल्या.

लाल शिडांची लाट

१९६३ साली 'डेली मिरर' या खपाच्या वृत्तपत्राने होल्ट यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा अध्याय लिहिला. दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल यांनी बांधणीची एक सोपी रीत होडीसाठी वापरली होती. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या आणि सांध्यावर काचतंतूंची पट्टी व राळ बसवायची. सुताराच्या कौशल्यापेक्षा शिंप्याचा धीर इथे अधिक कामाचा. होल्ट यांनी या होडीला पाण्यावर नीट चालण्याजोगा घाट आणि शिडांची मांडणी दिली. शिडे वृत्तपत्राच्या शीर्षकाला शोभेलशी लाल होती. डोलकाठी दोन तुकड्यांत होती, जेणेकरून सगळे सामान होडीतच मावावे आणि होडी मोटारीच्या टपावर चढावी. सामानाचा संच मिळे ६३ पौंड ११ शिलिंगांना.

'मिरर' होडी सत्तर हजारांच्या वर बांधली गेली. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गात, चर्चच्या सभागृहांत, घरांच्या मागच्या अंगणांत ती तयार झाली. शिडाच्या होडीशी ज्यांच्या घराण्याचा कधी संबंध आला नव्हता, अशा कुटुंबांना तिने पाण्यावर नेले. तिच्या बाबतीतही काळाने प्रश्न विचारलाच. दोन तुकड्यांची जुनी डोलकाठी ही तिची ओळख, पण नव्या पिढीतल्या मुलांना ती गैरसोयीची वाटू लागली. अखेर २००६च्या सुमारास अखंड डोलकाठीचा पर्याय नियमांत आला. जुनी काठी बाद न करता नवीला शेजारी जागा देण्यात आली, त्यामुळे आजोबांनी बांधलेली होडी नातवाच्या शर्यतीतून बाहेर पडली नाही.

मुंबईच्या पाण्यावर

होल्ट यांच्या कॅडेट आणि एंटरप्राइज या दोन्ही होड्या भारतात आल्या. सेनादलांत आणि नौका क्लबांत एंटरप्राइजने अनेक शिडपटू घडवले. १९८२ सालच्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि त्यांत एंटरप्राइजचा समावेश होता. या प्रकाराचे सुवर्णपदक पाकिस्तानचे बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी आवारी या कराचीच्या पारशी दांपत्याने पटकावले. त्याआधी १९७८ साली बँकॉकलाही बैराम आवारी यांनी मुनीर सादिक यांच्या साथीने याच होडीत सुवर्ण जिंकले होते. मुंबईच्या त्याच स्पर्धेत फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला 'फायरबॉल' या होडीत सुवर्णपदक मिळवून दिले. फायरबॉल ही होल्ट यांची रचना नव्हे. ती पीटर मिल्न यांची. पण घरी प्लायवूडमधून होडी बांधण्याची जी वाट होल्ट यांनी रुळवली होती, त्याच वाटेवरची ती.

पती-पत्नीने मिळून एका लहान होडीत आशियाई सुवर्ण जिंकावे, हे एंटरप्राइजच्या स्वभावाला साजेसेच होते. स्पिनेकर आणि दोर नाकारून सभासदांनी तिला धिप्पाड शर्यतपटूंच्या हाती जाऊ दिले नव्हते. दोन माणसांचा मेळ हेच तिचे बळ राहिले. ब्रिटनमधल्या क्लबांच्या सभांमध्ये हात वर करून घेतलेल्या निर्णयांचा धागा मुंबईच्या समुद्रावरील या पदकापर्यंत येऊन पोहोचतो.

मागे उरलेले

आपल्या कामासाठी होल्ट यांना 'ओबीई' हा ब्रिटिश किताब मिळाला. अखेरपर्यंत त्यांची ओळख पटनीचा होडीवाला अशीच राहिली. १९७५ साली, साठी ओलांडल्यावर त्यांनी एकट्याने चालवण्याची 'स्ट्रीकर' ही हलकी होडी रेखाटली. सोलो ओढून किनाऱ्यावर घेताना दमणाऱ्यांना ती सोयीची वाटली. १९९५ सालच्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी रेखाटलेल्या होड्यांची एकूण संख्या लाखाच्या घरात गेली होती.

त्यांच्या पश्चात तीस वर्षांत या खेळात बरेच बदलले. कारखान्यात ओतून काढलेल्या, एकसारख्या प्लॅस्टिकच्या होड्या आल्या. त्यांचे नियम बहुधा कंपनी ठरवते, मालकाला फक्त विकत घ्यायचे असते. पाण्यावरून उचलून उडणाऱ्या होड्याही आल्या. घरी होडी बांधणारे हात विरळ झाले. तरीही मर्लिन रॉकेट, कॅडेट, जीपी-१४, सोलो, एंटरप्राइज आणि मिरर हे सारे वर्ग शर्यतींत उतरतात. त्यांच्या संघटना अजूनही सभासदांना तेच जुने प्रश्न विचारतात, मग पत्रपेटीऐवजी संगणकाच्या पडद्यावर का होईना. किती वजन, कोणते कापड, कोणती काठी, मुलांना कसे आणायचे, म्हाताऱ्यांना कसे टिकवायचे.

या प्रश्नांचे कायमचे उत्तर कोणत्याच आराखड्यात सापडत नाही, ते दर काही वर्षांनी सभासदांकडूनच घ्यावे लागते. वृत्तपत्रे आपापल्या वाटेने गेली, लाकडाची जागा काचतंतूंनी घेतली, रचनाकारही गेला. सुकाणू सभासदांच्या हाती होते, म्हणून होड्या मार्गाला लागून राहिल्या.